एच.आय.व्ही. आणि आपल्या शरीरातील रक्षक पेशी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मेळाव्याच्या पत्रिकेवर वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, ह्याची मला कल्पना आहे. मुला-मुलींसमोर हे कशाला, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु ज्या रोगाविषयी घरात बोलावयाचे नाही असे आपण ठरवितो, त्याची माहिती मुले बाहेरून मिळवितातच, आणि ती बहुधा अर्धवट असते. मी डॉक्टर नाही. शाळेत भाषा व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. औषधोपचाराचा सल्ला देणे हे माझे काम नव्हे. हा विषाणू शरीरात शिरून नेमके काय करतो, एवढेच मी सांगणार आहे. ते एकदा समजले म्हणजे ह्या रोगाची नको ती भीती जाते आणि हवी ती सावधगिरी येते.

मागे वर्गात ह्या विषयावर बोलणे निघाले असता नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, सर्दी होते आणि बरी होते. कांजिण्या येतात आणि जातात. म्हणजे शरीर लढते. मग एच.आय.व्ही.शी ते का लढत नाही?"

प्रश्न फार चांगला आहे. शरीर लढत नाही असे नाही. ते वर्षानुवर्षे लढते. परंतु ज्या पेशीने ह्या लढाईची सूत्रे हलवावयाची, नेमकी तीच पेशी हा विषाणू गाठतो. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण.

प्रथम शरीराची व्यवस्था पाहू. रक्तातील पांढऱ्या पेशी आपले रक्षण करतात, हे विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच आहे. ह्या सर्व पेशी एकाच प्रकारच्या नसतात. काही पेशी जंतूंना गिळून टाकतात. त्यांस भक्षक पेशी म्हणतात. बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. टी-पेशींचे मुख्य प्रकार दोन. मारक टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करतात. मदतनीस टी-पेशी मात्र मुख्यतः रासायनिक संदेश पाठवून ह्या बाकीच्या सर्व पेशींना कामास लावतात. मदतनीस पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे एक प्रथिन असते, म्हणून तिला सीडी-४ पेशी असेही म्हणतात.

आपल्या शाळेचेच उदाहरण घ्या. मुख्याध्यापक प्रत्येक वर्गावर जाऊन शिकवीत नाहीत. पण वेळापत्रक लावणे, रजेवरील शिक्षकाचा तास दुसऱ्यास देणे, संकटसमयी घंटा देण्यास सांगणे हे त्यांचे काम. उद्या ते नसले तर शिक्षक हजर, शिपाई हजर, फाटकावर रखवालदारही हजर; परंतु कोणी कोठे जावयाचे हे सांगणारे कोणी नाही. सीडी-४ पेशी कमी झाल्या म्हणजे शरीराची अशीच अवस्था होते.

हा रोग प्रथम उघडकीस आला तोही असाच. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना एक दुर्मीळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे अशा माणसास हा न्यूमोनिया सहसा होत नाही. अशा रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी-पेशी फारच थोड्या उरल्या आहेत, असे डॉक्टरांना त्याच वर्षी दिसून आले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मॉन्तान्ये ह्यांच्या पथकाने ह्या विषाणूचा शोध लावला. ह्या शोधाबद्दल त्या दोघांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूस एच.आय.व्ही. हे नाव १९८६ साली देण्यात आले. त्याच वर्षी भारतातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. चेन्नईच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांनी हे काम केले. एका विद्यार्थिनीच्या अभ्यासातून सारा देश सावध झाला, हे आपल्या मुलींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता हा विषाणू पेशीत शिरतो कसा, ते पाहू. त्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. तो स्वतःहून वाढू शकत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याची पेशी लागते, आणि तीही कोणतीही चालत नाही. त्याच्या आवरणावर एक प्रथिन असते. ते सीडी-४ ह्या प्रथिनात किल्ली कुलपात बसावी तसे बसते. मात्र एक कुलूप उघडून भागत नाही. पेशीवर दुसरेही एक प्रथिन लागते, ज्याला सीसीआर-५ म्हणतात. कधी कधी त्याच्या जागी सीएक्ससीआर-४ नावाचे प्रथिन असते. ह्या दुसऱ्या कुलपाचा शोध १९९६ साली लागला. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे शंभरात एका माणसाच्या पेशींवर हे सीसीआर-५ जन्मतःच नसते, आणि अशा माणसास एच.आय.व्ही.ची लागण सहसा होत नाही. कुलपे दोन आहेत, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता?

पेशीत शिरल्यावर तो जे करतो ते अधिक विलक्षण आहे. आपल्या पेशीत आनुवंशिक माहिती डी.एन.ए.च्या रूपात असते आणि तिच्यावरून आर.एन.ए. तयार होते. एच.आय.व्ही.चा क्रम उलटा. तो आपली माहिती आर.एन.ए.च्या रूपात आणतो आणि एका विकराच्या म्हणजे एन्झाइमच्या साहाय्याने तिचे डी.एन.ए. बनवितो. असे उलटे लेखन करणारे विकर काही विषाणूंत असते, हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते. त्याबद्दल १९७५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दुसरे विकर हे नवे डी.एन.ए. आपल्या पेशीच्या मूळ डी.एन.ए.मध्ये जोडून टाकते.

शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात एकदा झालेली नोंद खोडता येत नाही आणि पुढील प्रत्येक दाखला तिच्याच आधारे निघतो. कोणी परक्याने आपले नाव त्यात आपल्याच शाईने लिहिले, तर कचेरी त्याच्या नावाचे दाखले निमूटपणे देत राहील. एच.आय.व्ही. हेच करतो. आपलीच पेशी त्याच्या नकला तयार करू लागते. तिसरे विकर ह्या नकलांतील प्रथिनांची योग्य कापणी करते आणि नवे विषाणू दुसऱ्या पेशी गाठण्यास बाहेर पडतात.

मग शरीर काय करते? लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुष्कळांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असा त्रास होतो आणि तो आपोआप थांबतो. ह्या काळात रक्तात विषाणूंची संख्या फार मोठी असते, आणि आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींची बरीच हानी होऊन जाते. नंतर मारक टी-पेशी पुढे सरसावतात, प्रतिपिंडे तयार होतात आणि विषाणूंची संख्या पुष्कळ खाली येते. नववीच्या त्या विद्यार्थ्यास सांगावयाचे ते हेच. शरीराने पहिली चढाई परतविलेली असते.

परंतु शत्रू संपलेला नसतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, असे १९९०च्या दशकातील संशोधनातून दिसून आले. शिवाय उलटे लेखन करणारे विकर नक्कल करताना चुका करते आणि त्या सुधारीत नाही. त्यामुळे विषाणूचे रूप सतत बदलत राहते. एका रूपासाठी तयार केलेले प्रतिपिंड दुसऱ्या रूपास ओळखीत नाही. देवीसारखी परिणामकारक लस एच.आय.व्ही.वर तयार करणे इतके अवघड का गेले, ह्याचे एक मोठे कारण हे आहे.

दुसरीकडे सीडी-४ पेशी मरतच असतात. काहींना विषाणू मारतो. काहींना आपल्याच मारक पेशी मारतात, कारण त्यांच्यात विषाणू शिरलेला असतो. आणि पुष्कळ पेशी, ज्यांच्यात विषाणूचे कार्य पुरते सुरूही झालेले नसते, त्या स्वतःच फुटून मरतात. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सर्वसाधारणपणे ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचार न केल्यास ही संख्या वर्षावर्षाला घटत जाते. ती २०० च्या खाली गेली म्हणजे एड्सची अवस्था आली असे समजतात. तेथवर पोहोचावयास सरासरी आठ-दहा वर्षे लागतात. मग एरवी शरीराने सहज आवरले असते असे जंतू डोके वर काढतात. आपल्या देशात त्यांत सर्वांत घातक ठरतो तो क्षयरोग. एच.आय.व्ही.बाधित माणसाचा मृत्यू बहुधा अशा दुसऱ्याच रोगाने होतो, तो ह्यामुळे.

पालक बंधू-भगिनींनो, हे सारे ऐकून आपण म्हणाल, आम्हांस पेशींशी काय करावयाचे आहे? पण आपल्या रोजच्या वागणुकीचे धडे ह्यातूनच निघतात.

पहिला धडा असा, की ही आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट दिसतो. तो कामास जातो, त्याचा निकाह होतो, मुले होतात. चेहऱ्यावरून एच.आय.व्ही. ओळखता येत नाही. त्याला रक्ताची चाचणी हाच उपाय. लागण झाल्याबरोबर लगेच चाचणीत ती दिसेलच असे नाही, म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. सरकारी रुग्णालयात चाचणी व समुपदेशन मोफत मिळते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. १०९७ ह्या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते.

दुसरा धडा, विषाणूला ठराविक कुलपाची पेशी लागते आणि तेथवर पोहोचण्यास ठराविक मार्ग लागतो. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई आणि बाधित मातेकडून बालकाकडे, हे ते मार्ग. मुसाफहा केल्याने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, वजूच्या हौदावर हातपाय धुतल्याने लागण होत नाही. डास चावल्यानेही होत नाही, कारण डासाच्या शरीरात त्याला हवी ती पेशी नसते आणि तो तेथे पचून जातो. मय्यतीला गुस्ल देण्यास लोक कचरतात असे ऐकू येते. हातमोजे घालून व नेहमीची काळजी घेऊन ते काम निर्धास्तपणे करता येते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे खतना होते, तेव्हा हा रोग आपल्यात येणार नाही, असा समज काही तरुणांत आढळतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे झालेल्या चाचण्यांत, खतना झालेल्या पुरुषास स्त्रीकडून लागण होण्याचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. विषाणूस ज्या पेशी हव्या असतात त्या त्या त्वचेत भरपूर असतात, हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु कमी होणे म्हणजे नाहीसा होणे नव्हे. सुईवाटे किंवा रक्तावाटे होणाऱ्या लागणीशी तर त्याचा काही संबंधच नाही. विषाणू माणसाची जमात विचारीत नाही. वैवाहिक निष्ठेची जी शिकवण आपल्याला दीनने दिली आहे ती पाळणे, आणि जेथे शंका असेल तेथे लाज न धरता चाचणी करणे, ह्यातच खरे संरक्षण आहे.

आता औषधांविषयी. विषाणूच्या प्रत्येक पायरीवर त्याला अडविणारी औषधे निघाली आहेत. काही उलटे लेखन थांबवितात, काही डी.एन.ए. जोडू देत नाहीत, काही प्रथिनांची कापणी बंद पाडतात. एकच औषध दिले तर विषाणू रूप बदलून निसटतो. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्यात येऊ लागली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्या वेळी ह्या उपचाराचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. गरीब देशातील रुग्णास ते स्वप्नातही शक्य नव्हते. येथे आपल्या मुंबईचे नाव अभिमानाने घेतले पाहिजे. ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला ही औषधाची कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद ह्यांनी केंब्रिजला रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. २००१ साली त्यांनी हीच तीन औषधे रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर एवढ्या किमतीत देऊ केली, आणि जगभर ह्या औषधांच्या किमती कोसळल्या. विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विसरू नये. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हा उपचार मोफत देण्यास आरंभ केला. आज बहुतेक रुग्णांस दिवसाला एक गोळी पुरते.

मात्र ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. काही सीडी-४ पेशी विश्रांत अवस्थेत असतात. त्यांच्या रजिस्टरात विषाणूची नोंद झालेली असते, पण दाखले निघत नसतात, त्यामुळे औषधास किंवा मारक पेशींस त्यांचा पत्ता लागत नाही. गोळ्या थांबविल्या की काही आठवड्यांतच त्यांतून विषाणू पुन्हा उसळतो. रमजानच्या महिन्यात रोजा आहे म्हणून कित्येकजण गोळी सोडतात. असे कदापि करू नये. दिवसातून एकदाच घ्यावयाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला नेमाने घेता येते. रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवून घ्यावी. प्रकृती ठीक नसल्यास आजारी माणसास शरीअतनेच रोजात सवलत दिलेली आहे.

नेमाने उपचार घेतल्यास विषाणूंची संख्या इतकी खाली येते की चाचणीत ते दिसतही नाहीत, आणि सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात. मुख्याध्यापक कामावर परत येतात म्हणा ना! एवढेच नव्हे, तर अशा माणसाकडून जोडीदारास लागणही होत नाही. भारतासह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. पुढील अभ्यासांनी, विषाणू न दिसण्याइतका खाली असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पक्के केले. बाधित मातेने गरोदरपणात औषध घेतले आणि जन्मानंतर बाळालाही ते दिले, तर बाळास लागण होण्याचा धोका शेकडा पाचाच्या खाली आणता येतो. उपचार नसल्यास हाच धोका शेकडा १५ ते ४५ असतो. एक चाचणी लपविली किंवा टाळली, तर तिची किंमत न जन्मलेल्या जिवास मोजावी लागू शकते, हे सासू-सासऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

शेवटी शाळेविषयी. २००९ साली आपल्याच महाराष्ट्रात, लातूर जिल्ह्यात, एच.आय.व्ही.बाधित मुले शाळेत येतात म्हणून इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठविण्याचे थांबविले होते. त्या पालकांना मी दुष्ट म्हणणार नाही. विषाणू कोणत्या पेशीत आणि कोणत्या मार्गाने शिरतो हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि भीतीने जागा घेतली. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्सविषयक कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, उपचार अथवा राहण्याची जागा ह्या बाबतीत बाधित व्यक्तीशी भेदभाव करण्यास ह्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. बाकावर शेजारी बसू देणे हे मुलांच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या हाती असते.

आपल्या मोहल्ल्यात कोणी आजारी पडले तर आपण अयादतीला जातो. तो सवाबचा मार्ग आहे असे आपण मानतो. मग ह्या एका आजाराच्या बाबतीत दार का बंद करावयाचे? आपण बहिष्कार टाकू ह्या धास्तीने आजारी माणूस चाचणीस जात नाही, उपचार घेत नाही, आणि मग खरोखरच रोग पसरतो. विषाणूला वाढण्यास पेशी लागते, तशीच आपली चुप्पीही त्याच्या कामी येते. पेशीतील त्याचे काम थांबविण्याचे औषध निघालेले आहे. आपली चुप्पी मात्र आपणच मोडावयाची आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज ऐकलेले घरी जाऊन आई-वडिलांपाशी बोला. आणि पालकांनो, मुले बोलू लागली तर त्यांना गप्प करू नका, एवढीच विनंती.